घरगुती प्रार्थना: सुरू कशी करायची, आणि ती मोडते कुठे

रविवारी उपासना संपते, दारात पाळकसाहेबांना सलाम होतो आणि दहा मिनिटांत आवार रिकामं होतं. बाकावर शेजारी बसणाऱ्या बाईंच्या नवऱ्याचं डायलिसिस चालू आहे, हे तीन महिन्यांनी कळतं आणि तेही दुसऱ्याच कोणाकडून. यात कोणाचं मन वाईट असतं असं नाही. शंभर-दीडशे माणसांच्या उपासनेत एकेकाची विचारपूस व्हायला सवडच नसते. त्यासाठी लहान जागा लागते. पहिल्या शतकातली मंडळी, म्हणजे चर्च, घराघरांत जमत असे, आणि प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्राचा 16 वा अध्याय म्हणजे माणसांची आणि घरांची यादीच आहे. त्याच यादीत तो रूफाच्या आईला ‘माझीही आई’ म्हणतो. ती त्याची आई कशी झाली हे तिथे लिहिलेलं नाही, पण तिच्या घरी त्याचं जाणंयेणं आणि जेवणखाण असणार हे उघड आहे.

देव जवळ आहे असं आम्हाला जाणवत नाही, ही तक्रार आणि मंडळीत आमचं कोणी नाही, ही तक्रार बहुतेक वेळा एकाच घरातून येते. दोन्हींवर उपायही एकच आहे. वार ठरवायचा, वेळ ठरवायची आणि जायचं. खाली जे दिलं आहे ते आपल्या सोलापुरातल्या चार ते सहा ख्रिस्ती घरांच्या गटासाठी आहे. आधी आपल्या घरातली प्रार्थना, मग दिवसभराच्या कामातली आणि मग गल्लीतली, या क्रमानेच चला. घरात ज्याची पाच मिनिटं बसायची सवय मोडली आहे, त्याने थेट गट सुरू केला तर तो दीड महिन्यात बंद पडतो.

घरातली बारा मिनिटं

वेळ घड्याळावर ठरवू नका, रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधा. रात्रीची जेवणं झाली, ताटं उचलली, भांडी अजून घासायची आहेत, तो मोका सगळ्यात चांगला. सगळे तिथेच असतात आणि टीव्ही लागलेला नसतो. घरात कोणी रात्रपाळीला जात असेल तर त्याचा डबा भरून झाल्यावर, तो निघायच्या आधी बसा.

एका गाण्याची दोन कडवी. मग शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या, दहा-बारा ओव्या (वचनं), त्याहून जास्त नाही. मग एक मिनिट कोणीही बोलायचं नाही. हे मिनिट सुरुवातीला अवघड जातं, मुलं हसतात, त्यांना हसू द्या. मग प्रत्येकाने एकेक वाक्याची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना. मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळा अध्याय आहेत आणि पावणेसातशेच्या आसपास ओव्या. रोज अकरा वाचल्या तर दोन महिन्यांत संपतं. संपलं की घरात काहीतरी पुरं केल्याचा आनंद असतो. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करणारी घरं बहुधा तिसऱ्या, लेवीयच्या अलीकडेच थकतात.

ही प्रार्थना मोडते ती वडीलधाऱ्यांमुळे, मुलांमुळे नाही. ‘देवा, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईल सुटू दे’ असं मुलासमोर डोळे मिटून म्हटलं की ती प्रार्थना राहत नाही, बोलणी होतात आणि त्या बोलण्यांना उत्तरही देता येत नाही. पोरगा चौथ्या दिवशी ‘क्लासला उशीर होतोय’ म्हणून उठून जातो. सुनेच्या बाबतीतही हेच घडतं. म्हणून एक नियम करा. चुका मांडायच्या त्या फक्त स्वतःच्या, दुसऱ्याचं नाव घ्यायचं ते उपकारस्तुतीसाठी, म्हणजे देवाचे आभार मानायला, किंवा त्याने स्वतः सांगितलेल्या गरजेसाठी.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचन करू नका. जिथे थांबलात तिथून पुढे चला.

कामाच्या वेळी

यंत्रमागावर डोळे मिटून प्रार्थना करा असं कोणी सांगत असेल तर त्याने माग पाहिलेला नाही. चार-सहा मागांवर एक माणूस, आवाज असा की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, आणि धागा तुटला तर लगेच दिसला पाहिजे. तिथे चालते ती श्वासाएवढी प्रार्थना: ‘प्रभू येशू, दया कर’. ती म्हणायची वेळही कामातच आहे. धोट्यातली कांडी संपते, माग थांबतो, नवी कांडी घालून पुन्हा चालू करेपर्यंतच्या काही सेकंदांत ती बसते. एका पाळीत अशा कितीतरी वेळा येतात.

घरी विड्या वळणाऱ्या बायकांसाठी याहून सोपं आहे. एक कट्टा बांधून बाजूला ठेवला की एका माणसाचं नाव घ्यायचं. हात चालूच राहतात. दिवसाचा हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत गल्लीतली, मंडळीतली आणि पुण्याला गेलेली सगळी नावं होतात. नावं आठवेनाशी झाली तर पुन्हा पहिल्यापासून. ऑफिसात, दुकानात असणाऱ्यांनी जिना किंवा गाडीची किक हीच खूण धरावी. एकच खूण धरा, चार धरल्या तर एकही राहत नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर पाच मिनिटं दिवस मागे वळून पाहायचा. ही पद्धत सोळाव्या शतकातल्या लोयोलाच्या इग्नाशियसची. कॅथलिक घरांत ती ओळखीची आहे आणि प्रॉटेस्टंटांनी घ्यायला काही हरकत नाही. आज कशाबद्दल आभार मानावेत? आज देव जवळ होता असं कुठे वाटलं? मी कुठे पाठ फिरवली? उद्या कोणाकडे जायला हवं? एवढेच चार प्रश्न. तिसऱ्या प्रश्नावर अडकून पडणारी माणसं असतात, त्यांचा सगळा वेळ पापांची मोजदाद करण्यात जातो. त्यांनी महिनाभर पहिला आणि चौथा एवढेच प्रश्न घ्यावेत. मध्येच झोप लागली तर काही बिघडत नाही.

महिने जातात आणि काहीच जाणवत नाही, असंही होतं. अशा वेळी आनंदाची गाणी रेटू नका. स्तोत्र 13 वाचा, ‘किती काळ’ असं विचारणारं. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी दिलासा नाही, तरी ते शास्त्रात आहे. पण झोप आणि भूक दोन्ही गेली, कशातच मन लागेना, असे दोन आठवडे झाले तर ती श्रद्धेची कमतरता समजू नका. डॉक्टरला दाखवा. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतूनही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. गोळ्या आणि प्रार्थना एकमेकींच्या आड येत नाहीत.

गल्लीतला गट: माणसं, वार, वेळ

आधी यादी करा. तुमच्या घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर राहणारी ख्रिस्ती घरं लिहून काढा, मग ती कोणत्याही मंडळीची असोत. चार ते सहा घरं आणि आठ ते चौदा माणसं एवढं पुरे. सात रस्त्याचं घर आणि जुळे सोलापूरचं घर एकाच गटात घेऊ नका. पावसाळ्यात पहिल्यांदा त्यांचंच येणं बंद होतं, आणि आजारपणात रात्री अकराला धावत जाण्याइतकं जवळ असणं हाच तर गटाचा उपयोग आहे.

आपल्याकडे ही घरं एकसारखी नसतात. अमेरिकन मराठी मिशन या प्रॉटेस्टंट मिशनचं काम 1813 मध्ये मुंबईत, 1831 मध्ये नगरला आणि 1860 च्या दशकात सोलापुरात सुरू झालं. नगरकडून आलेली बरीच जुनी घराणी त्या परंपरेतली. पुढे 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात अनेक प्रॉटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली तेव्हा ही मंडळी त्यात आली. कॅथलिक घरं पुणे धर्मप्रांतातली. शिवाय तेलुगू बोलणारी, कन्नड बोलणारी, पेंटेकॉस्टल सभांना जाणारी घरं, आणि रेल्वेच्या बदलीने आलेली. म्हणून पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी ठरवून टाका. बाप्तिस्मा, आत्म्याने अन्य भाषांत बोलणं आणि मरिया या विषयांवर इथे वाद नाही. आणि प्रभुभोजन, म्हणजे भाकर-द्राक्षारसाचा विधी, इथे नाही, ते ज्याच्या त्याच्या मंडळीत. गट सुरू करण्याआधी पाळकसाहेबांना आणि फादरना जाऊन भेटा. नंतर कळवलं की संशय येतो, आधी विचारलं की आशीर्वाद मिळतो.

वार रविवार नको. बुधवार किंवा गुरुवार बरा पडतो, पण त्याआधी नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते बघा. आपल्याकडे काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याच्या वेळी हंडा सोडून कोणी स्तोत्राला बसणार नाही, आणि बसूही नये. पाण्याची पाळी सरकत राहते, म्हणून ‘पाणी आलं तर दुसऱ्या दिवशी’ हा नियम आधीच करून ठेवा. वेळ पावणेआठ ते पावणेनऊ. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना पत्र्याच्या खोलीत चौदा माणसं बसवू नका. गच्चीवर, आठ वाजून गेल्यावर बसा. जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या, म्हणजे यात्रेच्या, दिवसांत होम मैदानाच्या बाजूला वाहनं अडतात, तेव्हा त्या भागातल्या घराची पाळी पुढे ढकला.

घरांची पाळी फिरती ठेवा, पण ज्याला जमत नाही त्याला सक्ती नको. एका खोलीत सहा जण राहणाऱ्यांना माणसं बोलवायचा संकोच वाटतो. त्यांनी ‘आमच्याकडे या’ म्हणेपर्यंत थांबा. सतरंजी गोल घाला. रांगेत बसलं की समोरचा बोलतो आणि बाकीचे ऐकतात. गुडघे दुखणाऱ्यांसाठी दोन-तीन खुर्च्या त्याच गोलात, मागे नाही. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, दार उघडं ठेवा, माईक-स्पीकर आणू नका. कोणी शेजारी डोकावले तर ते पाहुणे, त्यांना चहा द्या, पत्रकं नको. त्यांची मुलं गाण्याच्या ओढीने आली तर आईबापांना विचारल्याशिवाय बसवू नका.

एक तास कसा घालवायचा

गाणी दहा मिनिटं. तीन पुरेत, त्यातलं एक सर्वांना पाठ असलेलं आणि एक मुलांचं. पेटी असेल तर उत्तम, नसेल तर खंजिरी आणि टाळ. वाजवणाऱ्याला स्वर लावायला दहा मिनिटं लागत असतील तर त्याला लवकर बोलवा.

उपकारस्तुती पाच मिनिटं. प्रत्येकाने गेल्या आठवड्यातली एकच गोष्ट सांगायची, नेमकी. ‘देवाने सगळं चांगलं केलं’ हे चालत नाही. ‘पगार सात तारखेला झाला’ हे चालतं.

वाचन दहा मिनिटं आणि बोलणं पंधरा मिनिटं. एकच उतारा, दहा ते पंधरा ओव्यांचा. पहिल्यांदा एखाद्या मुलाने वाचायचा, दुसऱ्यांदा मोठ्याने सावकाश, मग दोन मिनिटं शांत, मग तिसऱ्यांदा. त्यानंतर तीन प्रश्न: कोणता शब्द अडला किंवा लागला, देव इथे काय करतो आहे, आणि पुढच्या आठवड्यात मी काय करणार. प्रत्येकाला एक मिनिट. सगळे एकदा बोलल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही. हा नियम खास त्या गृहस्थासाठी आहे जो प्रत्येक गटात असतो आणि ज्याला संदेश, म्हणजे प्रवचन, द्यायचाच असतो. त्याला वेळ पाहण्याचं काम द्या, बऱ्याचदा तेवढ्याने भागतं. संदेश लांबला की काय होतं ते प्रेषितांच्या कृत्यांत 20 व्या अध्यायात आहेच. पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि युतुख नावाचा तरुण झोपेत खिडकीतून खाली पडला. तिथे त्याला उठवायला पौल होता म्हणून निभावलं.

वाचनासाठी शास्त्र हातोहात फिरवू नका, यात फार माणसं दुखावली जातात. ज्या मावशींना वाचता येत नाही, किंवा ज्या चष्मा विसरल्या आहेत, त्यांच्यापर्यंत पुस्तक आलं की त्या ‘आज घसा बसलाय’ म्हणतात आणि पुढच्या वेळी येत नाहीत. कोण वाचणार ते आधी खासगीत विचारून ठेवा. त्या मावशींना स्तोत्र 23 किंवा 121 तोंडपाठ असतं. ते त्यांच्याकडून म्हणवून घ्या, वाचणाऱ्यांपेक्षा त्या चांगलं म्हणतात.

भाषा मिसळलेल्या असतील तर स्तोत्र 136 घ्या. सव्वीस ओव्या आहेत आणि प्रत्येकीच्या शेवटी देवाच्या दयेचं तेच पालुपद. ओवीचा पहिला भाग एकाने मराठीत वाचायचा आणि पालुपद ज्याने त्याने आपल्या भाषेत म्हणायचं. मराठी, तेलुगू, कन्नड एकदम ऐकू आली की जी आजी सहा महिने कोपऱ्यात गप्प बसलेली असते ती मोठ्याने म्हणते. प्रभूची प्रार्थनाही अशीच करता येते, संपायची वेळ थोडी पुढेमागे होते एवढंच.

मध्यस्थीची, म्हणजे दुसऱ्यांच्या गरजांसाठीची, प्रार्थना पंधरा मिनिटं, शेवटी प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद पाच मिनिटं. पावणेनऊला उठायचं. राहिलेलं बोलणं चहाबरोबर.

चहाचा विषय लहान नाही, कारण घरगुती प्रार्थना सगळ्यात जास्त मोडते ती खाण्यापिण्यावरून. पहिल्या घरी चहा-बिस्किटं होतात, दुसऱ्या घरी भजी, तिसऱ्या घरी शिरा-भजी, आणि चौथ्या घरची बाई सांगते की आमच्याकडे या आठवड्यात पाहुणे आहेत. तिच्या घरी पाहुणे नसतात, तेल नसतं. करिंथच्या मंडळीला पौल नेमका याच कारणासाठी बोलतो: एकाचं पोट भरलेलं, दुसरा उपाशी, आणि वर प्रभुभोजन म्हणायचं. म्हणून नियम कडक ठेवा. चहा आणि फार तर चुरमुरे, वाढदिवस असला तरीही. चौदा जणांना अर्धा-अर्धा कप म्हणजे सव्वा लिटर चहा. पाऊण लिटर पाणी आणि पाऊण लिटर दूध घेतलं की उकळून तेवढा होतो. साखर घालायच्या आधी दोन-तीन कप बाजूला काढा, गटात मधुमेहाची माणसं असतातच आणि ती मागत नाहीत.

वही

मध्यस्थीच्या प्रार्थनेला वही हवी. शंभर पानी, आडवी चार रकाने आखलेली: तारीख, नाव आणि गरज, कोण काय करणार, पुढे काय झालं. तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि तोच रिकामा राहतो. उदाहरणार्थ, दुसऱ्या रकान्यात ‘आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, गुरुवारी’ असं असेल तर प्रार्थनेच्या आधी विचारायचं की गुरुवारी त्यांच्याबरोबर कोण जाणार, रिक्षा कोण सांगणार, रात्री कोण थांबणार. नावं लिहून झाली की मग डोळे मिटायचे. नाहीतर तेरा माणसं मनापासून प्रार्थना करून घरी जातात आणि आजी एकट्या जातात. चौथा रकाना दर तीन महिन्यांनी मोठ्याने वाचा. काही ठिकाणी ‘बरं झालं’ असेल, काही ठिकाणी ‘वारले’ असेल. दोन्ही वाचा.

वहीत काय लिहायचं नाही तेही ठरवा. कर्जाचे आकडे, मुलीच्या लग्नाची बोलणी, नवरा-बायकोतलं, आजाराची लाजिरवाणी वाटणारी नावं, यातलं काही नाही. लिहिण्याआधी त्या माणसालाच विचारा, ‘हे वहीत लिहू का?’ तो नाही म्हणाला तर ‘एका घरची अडचण’ एवढंच. ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं, बाहेर बोलू नका’ अशी सुरुवात झाली की पुढे येणारं बहुतेक वेळा कुचाळकी असते. तिथेच हसून थांबवा: ‘ताई, त्यांना येऊ दे, त्याच सांगतील.’ व्हॉट्सॲपवर फक्त वार, घर आणि वेळ. रिपोर्टचे फोटो नको.

कोण येत नाही

गट बसला की दोन महिन्यांनी दुसरी यादी करा, एकट्या माणसांची. मुलं पुण्याला नोकरीला गेलेली आणि मागे राहिलेले दोघं म्हातारे. ही घरं सोलापुरात फार आहेत, मुलगा सणाला हुतात्मा एक्स्प्रेसने येतो आणि दोन दिवसांत परत जातो. विधवा. हॉस्टेलवर राहणाऱ्या नर्सिंगच्या मुली. नव्याने विश्वासात आलेला आणि घरच्यांनी बोलणं टाकलेला माणूस. येशूने आपली माणसं कोण ते मार्कच्या तिसऱ्या अध्यायात सांगितलं, देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तो माझा भाऊ, बहीण, आई. आणि वधस्तंभावरून आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं. योहान लिहितो की त्या शिष्याने तिला घरी नेलं. म्हणजे नुसतं ‘आई’ म्हणून भागत नाही, तिच्यासाठी घरात जागा करावी लागते. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला तो याच ओढीने. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले ख्रिस्ताचे अनुयायी तिथे भाऊ म्हणून एकत्र यावेत, अशी त्यांची इच्छा होती.

एका घराने एकच एकटा माणूस घ्यायचा. आठवड्याला एक फोन, पंधरवड्याला एक भेट आणि नाताळ-ईस्टरला आपल्या ताटावर जेवण. भेट वीस मिनिटांची. मुलांना त्यांना आजोबा, मावशी म्हणायला लावा आणि जाताना एखादं काम मागून घ्या: लाईट बिल, गोळ्यांची चिठ्ठी, सिलिंडरचं बुकिंग. फक्त देत राहिलात तर त्यांना उपकार वाटतो. म्हणून मागाही, आजींकडून शेंगाचटणीचं प्रमाण विचारा, आजोबांना मुलाचं गणित बघायला सांगा.

दवाखान्यात दहा मिनिटं. पलंगावर बसू नका, तेलकट नेऊ नका, शेजारच्या पेशंटला त्रास होईल एवढ्या आवाजात प्रार्थना करू नका. हात ठेवण्याआधी विचारा. स्तोत्र 121 आठ ओव्यांचं आहे, एका मिनिटात होतं. ‘देवाची इच्छा’, ‘तुमच्या विश्वासाची परीक्षा’ ही वाक्यं तोंडातच ठेवा. संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ काही न बोलता बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी तोंड उघडल्यावर. घरी आलेल्या पेशंटला डबा द्यायचा तर सात दिवसांची पाळी लावा, पथ्य विचारा आणि डब्यावर नाव चिकटवा. चार घरांचे आठ डबे कोणाचे ते ओळखत बसणं हेही आजाऱ्याच्या घरी एक कामच असतं.

पैसे आणि भांडण

मदतीसाठी एक डबा ठेवा. दर वेळी घरटी दहा-वीस रुपये, मोजायला दोघं जण, आणि नोंद वहीच्या मागच्या पानावर. त्यातून द्यायचं ते देऊन टाकायचं, उसनं नाही. गटातल्या गटात उसनवारी झाली की घेणारा यायचा बंद होतो, आणि पैसे बुडाले तर देणाराही. कोणाला जामीन राहू नका. नीतिसूत्रांचा सहावा अध्याय याच विषयाने सुरू होतो.

भांडण होणारच. मत्तयच्या 18 व्या अध्यायातला क्रम तसाच पाळा: आधी एकट्याने जाऊन भेटायचं, मग एक-दोघांना घेऊन, मग मंडळीला सांगायचं. आपल्याकडे उलट होतं. आधी मंडळीला कळतं, मग एक-दोघांना, आणि ज्याचं आहे त्याला सगळ्यात शेवटी. आठवड्याच्या आत भेटा, फोनवर नको, आणि त्याच्या बायकापोरांसमोर नको. ‘तुम्ही नेहमीच असं करता’ असं म्हणू नका. ‘गेल्या बुधवारी तुम्ही असं म्हणालात, ते मला लागलं’ असं म्हणा. चर्चच्या कमिटीची निवडणूक आणि मिशनच्या जागेचे वाद प्रार्थनेच्या सतरंजीवर आणायचे नाहीत, चहाच्या वेळीसुद्धा नाही.

मारहाणीला मात्र हा क्रम लावायचा नाही. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, प्रार्थना कर’ सांगून परत पाठवणं म्हणजे तिला मारणाऱ्याच्या हाती देणं आहे. तिला त्या रात्री कोणत्या घरी ठेवता येईल ते आधी बघा. मदतीचे फोन क्रमांक: महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112. आणि मुलांचं गाणं-गोष्ट घेणारा कोणीही असो, दार उघडं आणि दोन मोठी माणसं, याला अपवाद नाही.

वर्षात एकदा तरी नेहमीचं सोडून वेगळं काही करा. ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात, म्हणजे लेंथमध्ये, पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी घ्या: घमेलं, तांब्याभर कोमट पाणी, प्रत्येकाला वेगळा टॉवेल. सर्वांत थोराने सर्वांत लहानापासून सुरुवात करायची. सासूने सुनेचे पाय धुतले तर बरंच काही सुटतं, पण सांगून करवू नका, वाट मोकळी ठेवा.

माणसं वाढली की

सलग दोन महिने चौदाच्या वर माणसं येऊ लागली तर गट वेगळा करा. ‘आम्ही सगळे एकत्रच बरे’ असं म्हणाल तर वीस माणसांत पुन्हा रविवारसारखंच होईल, पाच बोलतील आणि पंधरा ऐकतील. वाटणी गल्लीप्रमाणे करा, मैत्रीप्रमाणे नाही, नाहीतर ज्यांना कोणी मागितलं नाही ते कळून येतं. नव्या गटात किमान दोन घरं जुनी असावीत. वहीतली ज्याची त्याची पानं उतरवून द्या, एकट्या माणसांची यादीही वाटून घ्या, म्हणजे मध्येच कोणी सुटणार नाही. तीन महिन्यांतून एकदा दोन्ही गटांनी एकत्र बसावं. पेटी एकच असेल तर ती नव्या गटाला द्या. जुन्यांची गाणी एव्हाना टाळ्यांवर बसलेली असतात.